दारातली फळी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. पडून राहणे हेच माझे काम. सुताराने मला मोडक्या खाटेतून कापले, खाली पट्ट्या ठोकल्या आणि वर खरखरीत कापड चिकटवले. मला पायरीवर टेकवले, की ताईंची चाकांची खुर्ची माझ्यावरून वर चढते.

ताई छापखान्यात मुद्रिते तपासायला जातात. पूर्वी त्या धाकट्या भावाकडे राहायच्या. भाऊ मायाळू, पण त्यांना पाणी प्यायला जायचे असले तरी खुर्ची तोच ढकलायचा. ताईंना स्वतःचे बिऱ्हाड हवे होते. घरे बघायला जाताना त्या मला टेंपोत टाकून नेत. एक घरमालक म्हणाला, "तळमजलाच आहे हो, चारच तर पायऱ्या!"

दहावे घर पसंत पडले. भावाने दारे मापली, खुर्ची मापली.

"दोन बोटं जागा उरतेय. पण महिनाभरच हं ताई. नाही जमलं, तर मुकाट्यानं परत यायचं."

पहिल्याच दिवशी न्हाणीघराच्या दारात ताईंची बोटे सोलवटली. मापात हात धरलेच नव्हते! भावाकडे खुर्ची कायम मागून ढकलली जायची. चाके हातांनी फिरवायला जागा लागते, हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

"मी म्हटलं नव्हतं? चल घरी," भाऊ म्हणाला.

"घर कशाला सोडायचं? दार काढ."

सुताराने चौकटीसकट दार काढले आणि पडदा लावला. सकाळी दोन तास मदतनीस बाई येऊ लागल्या. आल्या आल्या भाजी चिरायला बसल्या.

"बाई, सुरी इकडे द्या. तुम्ही मला अंघोळीपुरता हात द्या," ताई म्हणाल्या.

महिना संपला. भाऊ टेंपो घेऊन हजर. ताई माझ्यावरून सरसर खाली उतरल्या.

"बरं झालं टेंपो आणलास. माझं कपाट तुझ्याकडेच राहिलंय. जा, घेऊन ये."

भाऊ डोके खाजवत उभा राहिला. मग हसला आणि गेला.

याला तीन वर्षे झाली. आता माझे कापड झिजले आहे. येणारेजाणारे माझ्यावर सायकल उभी करून निघून जातात. परवा ताई तासभर दारातच अडकल्या. मित्रांनो, दारातली फळी मोकळी ठेवा. आतल्या माणसाला कामावर जायचे असते.