माझ्या अंगावरचा कोबी

मित्रांनो, लांबून बघाल तर माझ्यात बघण्यासारखं काहीच नाही, म्हणून आधी जवळ या आणि हात लावून बघा. मी एक जुनी कॉफीची बरणी आहे. माझ्या पोटावर तुमच्या बोटांना जे खरखरीत, वाकडंतिकडं काहीतरी लागतंय ना, ते गुलाबाचं फूल आहे. हसू नका! घरात सगळे त्याला कोबी म्हणतात, आणि आता मलाही त्याचा राग येत नाही.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळून तिचा लालभडक रस झाला, तो साच्यात पडला, आत हवा फुंकली गेली आणि मी तयार झाले. साच्याचे दोन भाग जिथे जुळले होते, तिथली शिवण अजून माझ्या दोन्ही कुशींवर आहे. मग माझ्यात कॉफी भरली, चकचकीत कागद डकवला आणि मला दुकानाच्या फळीवर बसवलं. तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू! मग एका घराने मला विकत नेलं, पण कॉफी संपली आणि माझी रवानगी ओट्याखालच्या कपाटात झाली. तिथे जुन्या घासण्यांच्या सोबतीने मी धूळ खात पडले.

एका रविवारी दुपारी त्या घरच्या सुनेने मला बाहेर काढलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. आठवडाभर काचेशी झटापट करणाऱ्या बाईला छंद लागावा तोही काचेवर नक्षी कोरण्याचा! तिने पेनाएवढं छोटं यंत्र आणलं होतं, आणि त्याच्या टोकाला हिऱ्याची बारीक कणी होती. मला गरम पाण्यात बुडवून तिने माझा कागद सोलला. आतून गुलाबाचं चित्र चिकटवलं, म्हणजे बाहेरून ते गिरवता येईल. खाली टॉवेलची घडी ठेवली, काचेची पूड जाऊ नये म्हणून नाकातोंडाला फडकं बांधलं आणि यंत्र सुरू केलं. घूंऽऽ!

"दातांचा डॉक्टर आलाय का घरात?" बाहेरच्या खोलीतून तिच्या नवऱ्याने विचारलं.

माझी तर पाचावर धारण बसली. पहिल्याच रेघेला तिचा हात सटकन घसरला. घसरला म्हणून तिने आणखी जोर लावला. हलक्या हाताने कोरायचं असतं, हे तिला तेव्हा कुठे ठाऊक होतं? पाकळ्या खोल, जाडजूड आणि एकमेकींच्या अंगावर रेलून बसल्या.

"वा! कोबी झकास आलाय," नवरा म्हणाला.

ती हिरमुसली. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांची नजर फार अधू झाली होती. चष्म्याच्या दुकानातली एकही काच त्यांच्या उपयोगाची नव्हती, आणि ही गोष्ट सुनेला फार लागायची. सासूबाईंनी मला हातात घेतलं, पोटावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "कोबी तर कोबी. तुझा पहिलाच आहे गं, टाकू नको."

म्हणून मी वाचले. मग मी सरावाची बरणी झाले. नवी कणी आणली की आधी माझ्या पाठीवर ओढून बघायची आणि मगच चांगल्या पेल्याला लावायची. कण्या आणि ब्रश माझ्याच पोटात ठेवायचे. हळूहळू तिचा हात बसला. पेल्यांवर नाजूक वेली आणि पाखरं उतरू लागली. लोक त्यांची तोंड भरून स्तुती करत. मी कोपऱ्यातून बघायचे. खोटं कशाला बोलू, थोडी जळायचेही.

अशात सासूबाईंचं स्वयंपाकघरात चुकायला लागलं. सकाळचा चहा त्यांचा, हा घरातला जुना नेम. पण साखर आणि मीठ यांच्या बरण्या अगदी सारख्या. एकीला रबर लावून बघितलं, तर धुताना ते निघायचं आणि भलत्याच बरणीला बसायचं. खारट चहा पिऊन त्यांच्या मुलाने एकदा तोंड वाकडं केलं.

सुनेने मग मनापासून खपून साखरेच्या बरणीवर गुलाबाची वेल आणि मिठाच्या बरणीवर पाखरू कोरलं. बारीक दगडाने घासून सगळं लोण्यासारखं मऊ केलं. सासूबाईंनी "छानच गं" म्हटलं. दुसऱ्या दिवशी चहा पुन्हा खारट!

"आई, आता बास," मुलगा म्हणाला. "उद्या काही भाजलं-बिजलं तर? तू आपली आरामात बस, चहा आम्ही करू."

तो काळजीनेच म्हणाला, पण सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. त्या बाहेर खिडकीशी जाऊन बसल्या. घरात सगळे असून आपलं काहीच काम उरलं नाही, असं त्यांना वाटलं. मला त्यांची फार दया आली, पण बरणी बिचारी काय करणार?

शेजारीच सुनेचं कोरण्याचं टेबल होतं. पाण्याचा पेला चाचपताना त्यांचा हात माझ्यावर पडला आणि तिथेच थांबला.

"अगं, हा तुझा कोबी ना?" त्यांनी हाक मारली.

सून धावत आली. "अहो आई, दिसला तुम्हाला?"

"दिसतोय कुठला! हाताला लागला. तुझी ती वेल सुरेख असेल गं, पण माझ्या बोटांना ती सापडतच नाही. हा बघ कसा ठणठणीत आहे!"

सून मटकन खुर्चीत बसली. "मीच वेडी! घासून घासून सगळं गुळगुळीत करून ठेवलं." मग ती उठली, माझ्या पोटातल्या कण्या काढल्या, मला पुन्हा पुन्हा धुतलं आणि माझ्यात साखर भरली. मिठासाठी तिने दुसऱ्या एका साध्या बरणीवर जाड लाटा कोरल्या. सासूबाई शेजारी बसून बोटाने तपासत होत्या आणि हुकूम सोडत होत्या, "दाब की जरा! घाबरतेस काय?"

दुसऱ्या दिवशी ओट्यावर त्यांचा हात आला. लाटांवरून पुढे सरकला आणि माझ्या कोबीवर टेकला. मी श्वास रोखला. मुलाने चहाचा घोट घेतला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"आई," तो म्हणाला, "अजून अर्धा कप आहे का?"

मित्रांनो, तेव्हापासून मी ओट्यावरच आहे. मोठ्या सुखात आहे. तुमच्या घरातही कुणाच्या तरी नवशिक्या हाताची एखादी वेडीवाकडी वस्तू असेल. तिला हसा हवं तर, पण फेकू नका. आणि मला जागच्या जागी ठेवा बरं का! थोड्या वेळाने सासूबाई चहा टाकायला येतील, आणि त्यांचा हात मलाच शोधत येईल.