निरोगी गाव

तालीताच्या गावाने स्वच्छतेच्या तपासणीतला पहिला नंबर कधी सोडला नव्हता. सवाई बेटावर गावोगावी बायकांची समिती असते. ती घरोघर फिरते, संडास बघते, चटया उलटून बघते आणि जिच्या अंगणात पाला दिसेल तिला चारचौघींत झाडते. माताउली गावच्या समितीची अध्यक्ष तालीता. हिच्या धाकाने गावातली डुकरंसुद्धा रांगेत चालतात, असं तिचा नवरा एलिया म्हणायचा.

तेव्हा साखरेच्या रोगाचा अभ्यास करायला डॉक्टरमंडळी येणार, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांतल्या माणसांचं रक्त तपासणार, असं कळल्यावर तिला दुसरं काही सुचण्याचा प्रश्नच नव्हता. तपासणी ती तपासणी. घाण मागे लपवायची, चांगलं पुढे मांडायचं. त्या घरांतली सुजलेली, धापा टाकणारी माणसं तिने पहाटेच केळीच्या बागेत पिटाळली आणि त्यांच्या जागी व्हॉलीबॉल खेळणारी सडपातळ भाचरं-पुतणी आणून बसवली.

चिठ्ठी तिच्याही घराची निघाली होती. एलिया पायाच्या अंगठ्यावरची चिंधी सोडत म्हणाला, "अगं, डॉक्टर दारात येतायत तर हे दाखवू दे की. किती दिवस झाले, जखम भरतच नाहीये."

"अख्ख्या बेटासमोर माझं नाक कापताय? अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. निघा बघू बागेत."

"मूठ कुठली, पाय आहे माझा," असं पुटपुटत एलिया लंगडत गेला.

रक्त तपासून डॉक्टर मौगाबाई थक्क झाल्या. "असं गाव आजवर पाहिलं नाही. खाता तरी काय तुम्ही?"

"अळूचे कंद, मासे आणि देवाचं नाव," तालीता म्हणाली. डबाबंद मांसाची खोकी आणि गोड सोड्याच्या बाटल्या तिच्या पाठीमागे चटईखाली निमूट पडल्या होत्या.

शेजारच्या फालेतुईची अध्यक्ष फुआतिनो म्हणजे आळसाचं माहेरघर. तिने कुणाला लपवलं नाही की सजवलं नाही. थकलेली, जखमांना पट्ट्या बांधलेली माणसं होती तशी डॉक्टरांपुढे बसवली. मग रेडिओवर सांगितलं, माताउली बेटावरचं सर्वांत निरोगी गाव आणि फालेतुईची अवस्था चिंताजनक. तालीताने गावजेवण घातलं. डुकरं भाजली, नारळाच्या दुधातल्या गोड पावांच्या पराती फिरल्या आणि निरोगीपणाचा आनंद लोकांनी बोटं चाटत साजरा केला.

चिंताजनक गावाला साखरेचा दवाखाना मिळाला. निरोगी गावाला दवाखाना कशाला हवा? त्याला अभिनंदन मिळालं.

अभिनंदनाने जखम भरत नाही. अंगठा काळा पडला, पाय पोटरीपर्यंत सुजला. एलिया तापाने बरळायला लागला. माणूस हातचा जातोय, हे तिला आता कुणी सांगायला नको होतं. टेम्पोत घालून तिने त्याला फालेतुईला नेलं.

दवाखान्याच्या दारात फुआतिनो पंख्याने वारा घेत बसली होती. "या ताई. निरोगी गावाची पायधूळ आमच्याकडे कशी?" म्हणता म्हणता तिची नजर एलियावर गेली. तिने पंखा ठेवला आणि रांगेतल्या लोकांना बाजूला करून त्याला आत घेतलं. हे तालीताला टोमण्याहून जास्त लागलं.

मौगाबाईंनी पट्टी सोडली. "ही जखम तर जुनी आहे. आम्ही गावात आलो तेव्हा हे कुठे होते?"

तालीता सुटलेल्या पट्टीची घडी घालायला लागली. एलियाच म्हणाला, "केळीच्या बागेत होतो, डॉक्टर. गाव स्वच्छ करायचं होतं ना."

जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पुढच्या तपासणीच्या सकाळी अंगण आरशासारखं लख्ख होतं. समितीच्या बायका फाटकाशी आल्या तशी एलियाने आपणहून कुबड्या ओढल्या आणि मागच्या दाराकडे वळला. इतकी सवय झाली होती बिचाऱ्याला.

तालीताने त्याला चौकटीला टेकवलं आणि काखेतून कुबड्या काढून घेतल्या. घरातली सर्वांत चांगली चटई उंबऱ्यापुढे अंथरली.

"इथं बसा," ती म्हणाली. "पाय पुढे करून."