आखूड दस्त्याची बंदूक

दचकू नका. बंदूक बोलतेय खरी, पण आत्ता माझ्या पोटात काडतूस नाही, म्हणून तर निवांत बोलता येतंय. भरलेली असले की मला गप्पा सुचत नाहीत.

मला कुणा कारागिराने वर्षभर खपून घडवलेलं नाही. मी कारखान्यातली, ढिगातली एक. काळी नळी, अक्रोडाच्या लाकडाचा साधा दस्ता, ना नक्षी ना नखरा. मोंटानातल्या डोंगराळ भागात एक दुकान आहे, तिथे खिळे, कुंपणाची तार, कोंबड्यांचं खाद्य आणि आम्ही, असं सगळं एकाच छपराखाली मिळतं. तिथून ऑरिन स्कारने मला घरी आणलं. तो तेव्हा लाकडाच्या गिरणीत कामाला होता. ओंडके फिरवून फिरवून त्याचे हात असे झाले होते की त्यांनी धरलेली वस्तू जागची हलत नसे.

बरीच वर्षं आमचं छान चाललं. दर पानगळीला आम्ही डोंगरात जायचो आणि एक एल्क घेऊन परतायचो. एल्क म्हणजे हरणाच्या कुळातलं, पण घोड्याएवढं जनावर. एक मिळालं की घरचा हिवाळा निघतो. ऑरिनने माझ्यावर एक साधी दुर्बीण बसवली, खांद्याला अडकवायला पट्टा लावला आणि पुढे हात लावला नाही.

त्याचा मेव्हणा लायल मात्र याच्या अगदी उलट. त्याला शिकारीपेक्षा शिकारीच्या सामानाचं वेड. नवीन काही निघालं की याच्या बंदुकीवर चढलंच म्हणून समजा. दर रविवारी जेवायला यायचा आणि मला बघून नाक मुरडायचा. "कारखान्यातून जशी आली तशीच वापरतोस? लाज वाटत नाही का रे म्हाताऱ्या?" ऑरिन ताटातलं मांस कापत शांतपणे म्हणायचा, "तुझ्या बंदुकीला आता फक्त चाकं लावायची राहिलीत." लायलची बहीण वेल्डा, म्हणजे ऑरिनची बायको, यावर इतकी हसायची की लायल दोन रविवार फिरकायचा नाही.

मग एका वर्षी खडीच्या खाणीत गडबड झाली. हंगामाआधी गावातले सगळे तिथे जमतात, खोक्यांवर कागद चिकटवतात आणि आपापल्या बंदुकीचा नेम तपासतात. त्या दिवशी ऑरिनच्या कागदावरची भोकं कुठच्या कुठे गेली होती. त्याने माझे स्क्रू आवळले, दुर्बीण पुसली, पुन्हा गोळ्या झाडल्या. भोकं आणखी पांगली. तो म्हणाला, बंदूक बिघडली.

मी बिघडले नव्हते. मी त्याच्या हातात होते, मला कळत होतं. त्याच्या मनगटातून एक बारीक थरथर येत होती आणि नळीच्या टोकाला पोचेपर्यंत ती चांगली मोठी होत होती. वेल्डालाही ठाऊक होतं. सांडू नये म्हणून ती आताशा त्याला कॉफी अर्धाच कप देत होती. डॉक्टरने त्या थरथरीला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण ते नाव घरात कुणी उच्चारत नव्हतं. ऑरिनला शिकार सोडायची नव्हती, हात तर साथ सोडत चालला होता, आणि या दोघांच्या मधे मी सापडले होते. मला त्याची कीवही येत होती आणि भीतीही वाटत होती.

आयुष्यात पहिल्यांदा ऑरिनने आपण होऊन लायलला फोन केला. विचारलं, बंदुकीवर काय काय बसवता येईल. लायलला आभाळ ठेंगणं झालं.

आधी ते मला टोबिनकडे घेऊन गेले. टोबिन घरामागच्या शेडमध्ये बंदुका दुरुस्त करतो. माणूस मितभाषी. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं की दुर्बिणीखालची पट्टी हलकी आहे, ती बदलून स्क्रू नीट बसवू. दस्त्यामागचं रबर दगडासारखं झालंय, तिथे मऊ, जाड रबर लावू. बाकी हिला काही लागत नाही. ऑरिनला हे पटलं नाही. त्याला चाप हलका करून हवा होता, बोट लागताच सुटेल इतका.

"इतका नाही करणार मी," टोबिन म्हणाला. "थंडीत हातमोजा घालून डोंगर चढणार तू. टेबलावर बसून कागद फोडणाऱ्यांचे चोचले आहेत ते."

"बंदूक माझी आहे, टोबिन."

"मग घेऊन जा."

मला तिथेच ओरडावंसं वाटलं. पण बंदुकीला आवाज एकच दिलाय आणि तो भलत्या वेळी काढून चालत नाही.

जे टोबिनने नाकारलं ते लायलच्या गॅरेजमध्ये झालं. माझा मूळचा चाप काढून नवा बसवला, नुसत्या फुंकरीने सुटेल की काय असं वाटावं इतका हलका. नळीच्या तोंडावर भोकाभोकांचं लोखंडी टोपण चढवलं. त्याने धक्का कमी होतो म्हणे, पण शेजारच्याच्या कानठळ्या बसतात हे लायलने सांगितलं नाही. पोटाखाली दोन पायांचा स्टँड लावला. माझी साधी दुर्बीण उतरवून मुसळाएवढी नवी चढवली. टोबिनने सुचवलेलं मऊ रबर तेवढं कुणाला आठवलं नाही. लग्नातल्या नवरीसारखी मी दागिन्यांनी वाकले होते, आणि आरशात बघायचीही सोय नव्हती.

खडीच्या खाणीत टेबलावर स्टँड टेकवून ऑरिनने गोळ्या झाडल्या. भोकं जवळजवळ आली. त्याने तो कागद घडी करून खिशात घातला आणि घरी येऊन वेल्डाला दाखवला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की वेल्डाला त्यावर पाणी फिरवावंसं वाटेना. ती एवढंच म्हणाली, "मीही येते यंदा." शिकारीचा परवाना ती दरवर्षी काढायची, पण स्वतःची बंदूक तिने मुलीला देऊन टाकली होती. ऑरिनला वाटलं सोबतीला येतेय. ती कशाला येत होती ते मला ठाऊक होतं.

आमच्या डोंगरात एक रीत आहे. एका परवान्यावर एक जनावर, हा झाला कायदा. पण तुमच्या गोळीने जनावराचं रक्त सांडलं की तुमचा हंगाम तिथेच संपतो, ते हाती लागो न लागो. ही रीत कुठे लिहिलेली नाही, पण ती मोडणाऱ्याच्या शेजारी जेवायला कुणी बसत नाही. आणि घायाळ जनावर सोडून घरी येणाऱ्याचं तर नावच नको.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, उजाडताना, आम्ही एका उताराच्या माथ्यावर होतो. बर्फ पडून गेलं होतं. समोरच्या मोकळ्या जागेत एक नर एल्क झाडीतून बाहेर आला. ऑरिन आडवा झाला, स्टँडचे पाय उघडले, तर पुढे गुडघाभर झुडपं. माझ्या दुर्बिणीत नुसत्या काटक्या. टेबलावर झुडपं उगवत नाहीत, हे खाणीत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तो धडपडत उठून बसला, कोपर गुडघ्यावर टेकलं, मला खांद्याला लावलं. त्या मुसळाएवढ्या दुर्बिणीत एल्क मोठा दिसत होता आणि त्याच्याबरोबर थरथरही मोठी दिसत होती. दुर्बिणीतला नेमाचा काटा एल्कच्या खांद्यावर, पोटावर, पुन्हा खांद्यावर. ऑरिनने श्वास सोडला. बोट चापावर ठेवलं, दाबायला नव्हे, नुसतं ठेवायला.

मी सुटले.

आवाज इतका मोठा झाला की वेल्डाच्या कानठळ्या बसल्या. एल्क पाठीतून वाकला आणि झाडीत शिरला. डोळ्यांना आपली हातातली दुर्बीण लावूनच वेल्डा म्हणाली, "मागे लागली. पोटात."

पोटात लागलेलं जनावर लवकर मरत नाही. त्याच्या मागे लगेच धावलं तर ते दमेपर्यंत पळत राहतं, म्हणून थांबावं लागतं. ते दोघे थांबले. ऑरिन बर्फाकडे बघत बसला होता. वेल्डाने त्याला कॉफी ओतून दिली, ती त्याने घेतली नाही.

मग माग काढायला सुरुवात झाली. बर्फावर रक्ताचे थेंब, कुठे ओंजळभर, कुठे नुसता शिंतोडा. माग काढण्यात वेल्डा पटाईत, त्यामुळे ती पुढे आणि मला हातात घेऊन ऑरिन मागे. पडलेली झाडं ओलांडत, घसरत, हातमोज्यातल्या थरथरत्या हातात मी, आणि पोटात भरलेलं काडतूस. माझ्या तोंडासमोर वेल्डाची पाठ. ऑरिन एकदा घसरला आणि नळी तिच्या कमरेवरून फिरून गेली. मी आयुष्यात कधी एवढी घाबरले नव्हते. ज्या चापाने एल्कचं पोट फाडलं तोच चाप आता एका बोटावर टांगलेला होता.

वेल्डा थांबली, वळली. "काडतूस काढ, ऑरिन. मी पुढे चालणार आहे."

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने तिला आठवण करून दिली की तिला शिकार करायला त्यानेच शिकवलं होतं, कुणाकडे नळी करायची नाही हेही त्यानेच. ती ऐकून घेत उभी राहिली, पाऊल पुढे टाकेना. शेवटी त्याने बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा माझा खटका, मागे ओढला. काडतूस त्याच्या बोटांतून निसटून बर्फात पडलं. तो वाकला, त्याला ते उचलता येईना. वेल्डाने ते उचललं, पुसलं आणि स्वतःच्या खिशात ठेवलं. दोघेही एकमेकांकडे बघत नव्हते.

सूर्य डोंगराकडे झुकू लागला. अंधार पडला तर तो एल्क रात्रभर तडफडणार आणि ते ऑरिनला जन्मभर पुरणार. चढावर आडव्या पडलेल्या पाइनच्या झाडांमागे वेल्डाला शिंगं दिसली. एल्क उभा होता, पाय फाकवून, मान खाली घालून, आमच्याकडेच बघत. तिने खिशातलं काडतूस ऑरिनला दिलं. त्याने ते माझ्यात भरलं, मला उचललं. दिवसभराची चाल आणि थंडी यांनी हात पार गेला होता. दुर्बिणीत एल्क दिसे, झाड दिसे, आभाळ दिसे. त्याने मला खाली केलं, पुन्हा उचललं. पुन्हा आभाळ.

"दे इकडे," वेल्डा म्हणाली.

त्याने मला आणखी घट्ट धरलं.

"ऑरिन, ते जनावर उभं आहे. दे."

त्याने मला तिच्या हातात दिलं. माझा दस्ता ऑरिनच्या लांब हातांच्या मापाचा आणि वेल्डा त्याच्या खांद्याला लागणारी, वर अंगात जाडजूड कोट. दस्ता तिच्या खांद्यात बसेना, दंडावर घसरला. मान पुढे ताणून तिने दुर्बिणीला डोळा लावला, झाडाला पाठ टेकली आणि बोट जपून, अगदी शेवटी चापावर नेलं. मी सुटले. एल्क जागच्या जागी कोसळला. टोपणाने धक्का कमी होत असेलही, पण दंडावरचा दस्ता निसटला आणि माझी ती मुसळाएवढी दुर्बीण तिच्या भुवईवर आदळली. भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरलं.

ऑरिनने धावत जाऊन गळ्यातला रुमाल सोडला आणि तिच्या भुवईवर दाबला. हात इतका हलत होता की रुमाल जागेवर राहीना. वेल्डाने आपला तळवा त्याच्या हातावर ठेवला आणि दोघांचे हात मिळून तो रुमाल धरून राहिले.

"बंदूक पहिल्यापासून चांगलीच होती, वेल्डा," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

मग तो रडला. पुरुषांना रडताना मी फार पाहिलेलं नाही, पण त्याचं रडणं मला लाजिरवाणं वाटलं नाही. दिवसभर त्याच्या खांद्यात साठलेला ताण उतरताना मला दिसत होता. अंधार पडण्याआधी त्यांनी एल्क साफ केला. शिंगाला वेल्डाने कायद्याप्रमाणे परवाना बांधला, स्वतःचा, कारण मारला तिने होता. ऑरिनने आपला परवाना काढला आणि चाकूने मधोमध कापला, कारण रक्त आधी त्याने सांडलं होतं. एका एल्कवर दोन परवाने गेले. गावात हे ऐकून कुणी हसलं नाही, लायलसुद्धा नाही.

आज माझी अवस्था विचाराल तर मी पुन्हा साधी झालेय. टोपण, स्टँड, मुसळ सगळं लायलकडे परत गेलं. मूळचा चाप आणि जुनी साधी दुर्बीण परत आली आणि टोबिनची दोन्ही कामं झाली, पक्की पट्टी आणि मऊ रबर. आणखी एक काम झालं, ते टोबिनने सुचवलेलं नव्हतं. तुमच्या घरी माझ्या जातीची कुणी असेल तर तिच्यावर काही चढवण्याआधी तिला धरणाऱ्याकडे एकदा नीट बघा, एवढंच माझं मागणं. ते शेवटचं काम कसं झालं तेवढं सांगते आणि तुमची रजा घेते.

बर्फ वितळल्यावर ऑरिन मला घेऊन एकटाच टोबिनकडे गेला. खिशातून सुतळीचा तुकडा काढून बाकावर ठेवला. वेल्डा कोट घालून दारात उभी असताना त्याने तिच्या कोपरापासून बोटापर्यंत मापून ती सुतळी कापली होती. म्हणाला, दस्ता या मापाचा कर.

टोबिनने सुतळी माझ्या दस्त्याला लावून पाहिली. जिथे कापावं लागेल तिथे अंगठा धरला. मग म्हणाला, "लाकूड एकदा कापलं की परत जोडता येत नाही, ऑरिन. तुला मग ही कधीच नीट धरता येणार नाही."

"काप."

करवत लागली तेव्हा मला दुखलं, खोटं कशाला बोलू. काम संपल्यावर टोबिनने मला ऑरिनच्या हातात दिलं. ऑरिनने मला खांद्याला लावायचा प्रयत्न केला. कोपर कुठे ठेवावं सुचेना, मान मोडायची वेळ आली, डोळा दुर्बिणीवर येईना. त्याने डाव्या बाजूने पाहिलं, पुन्हा उजव्या बाजूने पाहिलं, अगदी मन लावून, सगळी चाचणी घेतल्यासारखं. मग मला अलगद बाकावर ठेवलं.

"छान," तो टोबिनला म्हणाला. "मला अजिबात बसत नाही."