तिरपी मान

बनारसहून साताऱ्याला माहेरी निघताना वैदेही यज्ञेशला एवढंच म्हणाली होती, "मुलांचे फोटो पाठवत जा. नवे कपडे घालून उभे केलेले नकोत. जशी असतील तशी."

यज्ञेश रोज पाठवत होता. अवनी वेणी घालताना. विशू दुधावरची साय बोटाने बाजूला काढताना. दोघं छज्ज्यावरून माकडांना हुसकावताना, गृहपाठ करताना, भांडून दोन कोपऱ्यांत बसलेली. निघताना दाराला कडी लावावी तसा तो फोटो काढायचा, पाठवायचा आणि रेल्वेच्या ऑफिसला जायचा. काढलेला फोटो परत उघडून बघायचं त्याच्या मनात येत नसे. वैदेहीकडून कधी अंगठा यायचा, कधी काहीच नाही.

फाल्गुनात, वैदेहीला आठवा महिना चालू असताना, त्यांचं तिसरं मूल, मुलगी, पोटातच गेलं होतं. वैदेही नीट शुद्धीवर यायच्या आत यज्ञेशने पांढऱ्या फडक्यातलं ते एवढंसं गाठोडं घेतलं आणि पंचगंगा घाटावर जाऊन नाव केली.  गंगेच्या मधल्या धारेत नेऊन नाववाल्याने वल्ही थांबवली. काम झालं. यज्ञेश परत हॉस्पिटलात आला आणि औषधांच्या रांगेत उभा राहिला. त्याला रडू आलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. नातेवाईक म्हणाले, यज्ञेश खंबीर आहे म्हणून निभावलं. त्यात खंबीरपणा काही नव्हता. जेवण समोर आलं की तो जेवत होता, अंथरूण घातलं की झोपत होता. हातपाय आपले चालत होते, एवढंच.

वैदेही भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेवटी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. खालच्या मजल्यावरच्या प्रमोदिनीकाकू मुलांना शाळेतून आल्यावर खाऊपिऊ घालू लागल्या आणि घर चालू राहिलं.

विशूच्या शाळेतून तक्रार आली. बाई म्हणाल्या, "विश्वेश सुनता ही नहीं है. दस बार बोलो तब देखता है." यज्ञेशने मान डोलावली. मग एकदा दोघं गल्लीतून घरी येत असताना मागून स्कूटर आली. हॉर्न वाजला, आणि विशू बाजूला व्हायच्या ऐवजी नेमका तिच्याच वाटेत गेला. यज्ञेशने त्याचा दंड धरून त्याला खेचलं.

"कान फुटलेत का तुझे?"

विशू त्याच्याकडे बघत राहिला. सात वर्षांचं पोर, घाबरलं होतं, पण रडलं नाही. घरी आल्यावर तो वही घेऊन बसला. यज्ञेशने हाक मारली, फोटो काढला, पाठवला.

थोड्याच वेळात फोन वाजला. वैदेही आपणहून कधी फोन करत नसे.

"विशूच्या मानेला काय झालंय?" तिने विचारलं.

"मानेला? काही नाही."

"मग तो मान तिरपी का धरतो? तू पाठवलेले सगळे फोटो मी पुन्हा पुन्हा बघितले. कामच काय आहे मला इथे. तू हाक मारून फोटो काढतोस ना?"

"हो. इकडे बघ म्हणतो."

"प्रत्येक वेळी त्याचा उजवा कान पुढे असतो. एका तरी फोटोत तो सरळ बघतोय का, सांग मला."

यज्ञेशने फोन ठेवला आणि फोटो उघडले. साय काढणारा विशू, माकडांकडे बघणारा विशू, बूट घालणारा विशू. सगळीकडे मान त्याच बाजूला कललेली. हे सगळे त्यानेच, हाताच्या अंतरावर उभं राहून काढले होते.

तो उठला. विशूच्या मागे जाऊन त्याने त्याच्या उजव्या कानावर तळहात घट्ट दाबून धरला आणि डाव्या कानाशी हळूच विचारलं, "जिलेबी आणू?"

"बाबा, गुदगुल्या होतायत," विशू म्हणाला.

"जिलेबी आणू का, विशू?"

विशू हात निघायची वाट बघत होता.

पलंगावर बसलेली अवनी म्हणाली, "त्याला त्या बाजूने ऐकू येत नाही. मी नेहमी इकडून बोलते त्याच्याशी."

"तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस?"

घरात मराठी बोलणारी अवनी रागावली की हिंदीवर जायची. "किसको बताती? आई सोई रहती थी. आपने कुछ पूछा ही नहीं."



कानाच्या डॉक्टरांनी विशूला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. मग विचारलं, याला गालगुंड झालं होतं का? यज्ञेशला आठवेना. त्याने तिथूनच काकूंना फोन लावला.

"झालं होतं की," काकू म्हणाल्या. "तुम्ही दोघं हॉस्पिटलात होतात तेव्हाच. गाल असा टम्म. मी लेप लावला, ताप उतरला. तुला सांगितलं होतं रे मी. तू बरं म्हणालास."

डॉक्टर म्हणाले, गालगुंडामुळेच डावा कान गेला आहे, तो परत येणार नाही. उजवा उत्तम आहे, तो जपायचा. वर्गात डाव्या भिंतीकडच्या पुढच्या बाकावर बसवा. रस्त्यात हात धरा, आवाज कुठून येतोय ते त्याला कळत नाही. यज्ञेशने सगळं नीट ऐकून घेतलं. बाहेर येऊन त्याने विशूचा हात धरला आणि वैदेहीला फोन करून डॉक्टर जे बोलले ते तसंच सांगितलं. आपला आवाज स्टेशनवरच्या घोषणेसारखा येतोय, असं त्याला वाटलं.

 वैदेही म्हणाली, "मी येते."

ती आली तेव्हा विशूने तिच्या गळ्यात हात टाकले. अवनी मात्र दाराशी उभी राहिली आणि बॅग आत घेऊन गेली. दोन दिवस ती आईशी कामापुरतंच बोलली.

रविवारी संध्याकाळी वैदेहीच म्हणाली, घाटावर जाऊ. पंचगंगा घाटाच्या उंच पायऱ्या उतरून चौघं पाण्याजवळ बसली. शेजारी एक पुरोहित आपली छत्री मिटत होता. नावा परत येत होत्या.

"कुठे?" वैदेहीने नदीकडे बघत विचारलं. इतक्या महिन्यांत तिने हे पहिल्यांदा विचारलं.

यज्ञेशने हात करून दाखवलं. "तिथे. त्या पिवळ्या नावेच्या थोडं पलीकडे."

"थंड होतं पाणी?"

"हो."

अवनी दोघांकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "आई, तिचं नाव काय ठेवणार होतो आपण?"

यज्ञेशला वाटलं, वैदेही उठून जाईल. ती उठली नाही. "सई," ती म्हणाली. "मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बारशाला सांगणार होते."

"काय?" विशूने विचारलं. तो तिच्या उजव्या हाताला बसला होता. "काय म्हणालीस?"

वैदेही उठली, वळसा घालून त्याच्या पलीकडे जाऊन बसली आणि त्याच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाली, "सई. तुझी धाकटी बहीण."

"अच्छा," विशू म्हणाला. त्याने ते नाव दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. अवनी सरकून आईला टेकून बसली.

अंधार पडायला लागल्यावर चौघं परत निघाली. मुलं आईच्या दोन बाजूंनी पुढे चालली होती. मागून चढताना यज्ञेशने ते नाव मनातल्या मनात म्हटलं. काहीच वाटलं नाही. मग त्याने ते ओठ हलवून म्हटलं, आणि त्याला पायरीवर बसावं लागलं.

वैदेही थांबली. तिने मुलांना वरच्या ओट्यावर बसायला सांगितलं आणि ती खाली यायला लागली.