खिडकीची उंची

"बाई, हे डिझाईन नाही, वेळापत्रक आहे," परीक्षक म्हणाले, आणि मागच्या रांगेतली पोरं हसली.

काकूंनी नकाशा गुंडाळला. वर्गानं पहिल्याच दिवशी त्यांना काकू करून टाकलं होतं. वय सेहेचाळीस, निम्मं आयुष्य साइटवर गेलेलं. नवरा आर्किटेक्ट. तो कागदावर काढायचा, या उभं करायच्या. त्याचे वळणदार जिने त्या सरळ करून टाकायच्या आणि मग घरात अबोला चालायचा. पुढे त्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, ऑफिसला कुलूप लागलं. तेव्हा काकूंनी पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. आधी वास्तुरचना, मग बांधकाम व्यवस्थापन, दोन्ही एकाच पदवीत. दुसरं त्यांना झोपेतही जमलं असतं. पहिल्यानं मात्र घाम फोडला.

"या वयात पाटी-दप्तर? माझ्या भावाकडे बघणार कोण?" नणंदेनं विचारलं होतं.

"त्यांचंच काम शिकतेय, वन्सं. दोघांपैकी एकाला तरी यायला हवं ना?"

घरी येऊन त्यांनी नाकारलेला नकाशा नवऱ्यासमोर धरला. आजारातून उठणाऱ्यांसाठी विश्रामगृह होतं ते. "सांगा, काय चुकलं?" त्यानं डोळे मिटले. म्हणजे, नाही. मग रोज नवा कागद आणि रोज मिटलेले डोळे. एकदा मात्र त्याचा डावा हात कागदावर घसटत आला.

"खि..."

"खिडकी? आहे की. ही काय!"

त्यानं डोळे गच्च मिटले. कडेनं पाणी आलं. काकू वैतागून त्याच्या शेजारी आडव्या झाल्या, आणि तशाच पडून राहिल्या. तिथून खिडकीबाहेरचं काहीच दिसत नव्हतं. पडद्याची दांडी, पंखा, छताचा पोपडा. आजारी पडल्यापासून तो हेच बघत होता.

"अहो, मग बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, आणि जीभ चावली.

विश्रामगृहाच्या सगळ्या खिडक्या त्यांनी पलंगाच्या पातळीला आणल्या. त्यापायी खोल्या वळल्या, भिंती सरकल्या. घरची खिडकीही खाली घ्यायची ठरली, पण परीक्षेनंतर. आधी नकाशे, मग नवऱ्याला चार दिवस नणंदेकडे हलवायचं, मग गवंडी. कामाचा क्रम लावण्यात काकूंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

या खेपेला परीक्षक बराच वेळ नकाशापुढे उभे राहिले. "हे कुणी सुचवलं?"

"मिस्टरांनी."

"एकदा भेटायला हवं त्यांना."

"या ना घरी," काकू म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या होत्या.

त्याच आठवड्यात तो गेला. सकाळी त्या चहा घेऊन आल्या, तेव्हा डोळे मिटलेले होते, आणि या वेळी ते उघडले नाहीत.

गवंडी ठरल्या दिवशी हजर झाला. घरात पसरलेली शांतता बघून दारातच घुटमळला. "बाई, आता कशाला?"

"राहू दे गं, वहिनी," नणंद म्हणाली.

"फोडा," काकू म्हणाल्या.

दुपारपर्यंत खोलीभर विटांचा चुरा झाला. भिंतीला मोठं भगदाड पडलं. काकूंनी पलंगावरची धूळ पदरानं झटकली, त्याच्या जागेवर आडव्या झाल्या आणि मान वळवली. शेजारच्या इमारतीची भिंत, एक गंजका पाइप, आणि खाली पानांची जेमतेम कड.

"अजून एक थर काढा," त्या पडल्या पडल्याच म्हणाल्या. "इथून बघताना झाड कापलं जातंय."