ट्रँटरच्या मापाची काठी

“अरे ओढ की जोरात, रॉइस्टन! मासा आहेस तू, पाहुणा नव्हेस!”

ईनॉक ट्रँटर दुकानाच्या मधोमध गळाची काठी धरून उभा होता, आणि दोरीचं टोक मुठीला गुंडाळून मासेमारी क्लबचा सेक्रेटरी रॉइस्टन प्यू दारापर्यंत मागे सरकला होता. काठी वाकली तसा ईनॉकचा उजवा खांदा कळवळला. पण त्याने तोंड वाकडं केलं नाही. तीसेक वर्षं क्लबच्या पाण्याची राखण केलेला माणूस दुकानात ओय ओय करत नाही.

“ही नको,” तो म्हणाला. “नुसता सोटा आहे. मोठ्या बार्बेल माशाला ठीक, पण बारक्या रोचने तोंड लावलं तर हाताला कळायचंसुद्धा नाही. ज्याच्यासाठी घ्यायचीय त्या माणसाला बार्बेलच धरायचेत, की बाकीची मासळीपण?”

“सगळंच, म्हणे.”

“आणि हात कसा आहे त्याचा?”

“हात?” प्यूने घड्याळाकडे पाहिलं. “तू असं कर ना ईनॉक, स्वतःसाठी घेतोयस असं समजून घे. मी जरा गाडी हलवून येतो, पार्किंगचा वॉर्डन फिरतोय बाहेर.”

झालं! ईनॉकने काउंटरमागच्या नोक्सकडे बघून डोळा मिचकावला, आणि नोक्सनेही हसून मान डोलावली.

इंग्लंडातल्या ब्रिजनॉर्थ गावाच्या खाली सेव्हर्न नदीवर या क्लबाचा मासेमारीचा काठ होता, आणि क्लबाची एक जुनी रीत होती. राखणदार कामातून मोकळा झाला की त्याला काठी द्यायची. पण दुसऱ्याने निवडलेली काठी म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा बूट. म्हणून कोणीतरी त्याला भलत्याच निमित्ताने दुकानात न्यायचं. मेव्हण्याला काठी हवीय, तुला कळतं त्यातलं, चल जरा. त्याने मनासारखी निवडायची, आणि जेवणाच्या दिवशी ती हातात पडली की आकाशातून पडल्यासारखा चेहरा करायचा. सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं आणि कोणी चकार शब्द काढायचं नाही. आधीच्या राखणदाराला, म्हाताऱ्या बीबला, ईनॉकनेच असं आणलं होतं. ‘स्वतःसाठी घेतोयस असं समज’ हे वाक्य तेव्हा त्यानेच म्हटलं होतं. आता मोकळं व्हायची पाळी त्याची होती. प्यू क्लबात तसा नवा, विम्याचा धंदा करणारा माणूस, पण पोरगा रीत शिकला म्हणायचा.

मग ईनॉक मन लावून निवडायला लागला. त्याला काय हवंय ते त्याच्या खांद्याला पक्कं ठाऊक होतं. एका पुरात क्लबच्या काठाला अडकलेलं विलोचं झाड दोराने ओढून काढताना तो खांदा निखळला होता, आणि तेव्हापासून हात छातीच्या वर जात नव्हता. घरची जुनी काठी आताशा त्याला उचलवत नव्हती. गेल्या मोसमात तो बहुतेक दिवस काठावर नुसता बसून इतरांना जागा दाखवत होता. ही नवी काठी मिळाली, तर नदी आणखी चार वर्षं त्याची होती. नाही मिळाली तर नव्हती.

त्याने एक हलकी काठी उचलली. तिला बदलून लावायचे दोन शेंडे होते. एक बार्बेलसाठी दमदार, दुसरा बारीक मासळीसाठी, गवताच्या पात्याइतका नाजूक. डोळे मिटून त्याने ती हातात तोलली आणि त्याला हसूच आलं.

“हीच. फक्त मूठ लांब आहे रे, नोक्स. कोपराला अडेल.”

“त्या माणसाच्या?” नोक्सने खट्याळपणे विचारलं.

“त्या माणसाच्या.”

नोक्सने ती आत नेली, मागच्या बाजूने बुचाची मूठ चार बोटं कापली, घासून गुळगुळीत केली आणि टोपण बसवून आणली. प्यू परत आला तोवर काठी पिशवीत बांधून तयार होती. त्याने उघडूनही पाहिली नाही.

ईनॉकने हे सगळं बायकोला सांगायला नको होतं, पण पोटात राहीना. ऑल्वेनने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून काठी आडवी ठेवायला पितळेचे दोन आकडे आणले. पॅसेजमध्ये, दाराच्या आत, तिने ते भिंतीत ठोकले, आणि तेही कमरेच्या उंचीवर.

“इतके खाली?” ईनॉक म्हणाला. “कुत्र्यासाठी आहेत का?”

“तुझा हात कुठवर जातो ते मला माहितीये,” ऑल्वेन म्हणाली. “तू तुझा आश्चर्याचा चेहरा कर बघू. शी! दात दुखल्यासारखा दिसतोय. पुन्हा कर.”

क्लबचं जेवण मे महिन्यातल्या एका रविवारी पबच्या मागच्या खोलीत झालं. मासे अंडी घालतात म्हणून नदी मासेमारीला मार्चपासून बंद होती, ती सोळा जूनला उघडायची, आणि तोवर या लोकांना जेवण्याखेरीज उद्योग नसतो. भाजलेलं बीफ झालं, यॉर्कशायर पुडिंग झालं. ऑल्वेनने निळी टोपी घातली होती. समोरच्या मोठ्या टेबलावर केंड्रिक बसला होता. रस्त्यांच्या ठेक्यांत पैसा करून त्याने गेल्या वर्षी नदीकाठची शेती विकत घेतली होती, आणि क्लबला काठावर बसू द्यायचं की नाही हे आता त्याच्या सहीवर होतं. माणूस दाराएवढा होता. त्याच्या हातात बिअरचा ग्लास औषधाच्या बाटलीसारखा दिसत होता.

प्यू उठला. हातात ती लांब पिशवी होती. ऑल्वेनने टेबलाखालून ईनॉकचा गुडघा दाबला.

“मित्रहो,” प्यू म्हणाला, “एक माणूस नसता तर आज आपल्याला ही नदी नसती. आपण काठावर बसतो ते त्याच्या कृपेने. त्याच्यासाठी ही छोटीशी भेट.”

ईनॉकने खुर्ची मागे सारली. तो अर्धा उठलाही.

“मिस्टर जेरल्ड केंड्रिक!”

अर्धवट उठलेल्या माणसाला दोनच वाटा असतात, बसायचं नाहीतर उभं राहायचं. बसला असता तर सगळ्यांना कळलं असतं. ईनॉक सरळ उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. क्लबातला सगळ्यात जुना माणूस उभा राहिलेला पाहून मागची टेबलं उठली, मग पुढची उठली, आणि बघता बघता अख्खी खोली केंड्रिकसाठी उभी राहून टाळ्या पिटू लागली. ऑल्वेन तेवढी बसून होती. ती आपल्या ताटलीतल्या गाजराकडे बघत होती.

केंड्रिकने काठी बाहेर काढली, मुठीत धरली, आणि त्याची मूठ त्या बुचावर मावेना.

“हे काय?” तो हसून ओरडला. “माझ्या बायकोसाठी आणलंय की काय? पंजाच बसत नाही माझा! कोणी निवडली ही?”

खोली हसली. प्यूचा चेहरा पडला. “आमच्या ईनॉकने, मिस्टर केंड्रिक. त्याला फार कळतं यातलं. अरे ईनॉक, ही मूठ... कापलीय का रे? तू काय स्वतःसाठी घेतलीस की काय?”

हसण्यात हे कोणाला ऐकू गेलं, कोणाला नाही. नोक्स कोपऱ्यात होता, त्याने मान खाली घातली. जुन्यांपैकी एकदोघांचे चेहरे बदलले. त्यांना आता रीत आठवली होती. उशिरा आठवून काय करायचं, पण आठवली होती. त्यांनी ग्लास तोंडाला लावले. केंड्रिकची सही अजून व्हायची होती.

“चुकलो,” ईनॉक म्हणाला. “माणसाचं माप घेतलं नाही मी. माफ करा, मिस्टर केंड्रिक.”

“असू दे, असू दे, आजोबा!” केंड्रिकने मोठ्या मनाने हात हलवला.

शेवटचं गोड खाऊन झाल्यावर प्यूला एकदम आठवलं, आणि त्याने ईनॉकला क्लबचं चित्र असलेला चहाचा एक मग दिला. लगोलग काठावरच्या फाटकाची किल्ली परत मागितली. ईनॉकने ती खिशातून काढून मगमध्ये टाकली आणि मगसकट पुढे केली. प्यूने किल्ली घेतली आणि रिकामा मग परत दिला.

घरी जाताना ऑल्वेन म्हणाली, “मी आकडे काढून टाकते.”

“राहू दे,” ईनॉक म्हणाला. “भिंतीला भोकं दिसतील.”

सोळा जूनच्या सकाळी ईनॉक जुनी काठी खांद्यावर टाकून फाटकापाशी आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला फाटक बंद लागलं. तो नव्या राखणदाराची वाट बघत उभा होता, इतक्यात केंड्रिक आपल्या शेतघराच्या अंगणातून आला आणि त्यानेच कुलूप उघडलं.

“अरे आजोबा! बरा भेटलास,” तो म्हणाला. गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली काठी त्याने उचलून आणली. पिशवी कुठेतरी गेली होती आणि बुचाला चिखल होता. “ही तूच घेऊन जा बाबा. बायको वाटाण्याच्या वेलांना आधार म्हणून लावणार होती. तुझ्या त्या बांबूपेक्षा बरी.”

ईनॉकने काठी हातात घेतली. बुचाच्या मुठीने कोपराखाली आपली जागा बरोबर धरली. खांद्यात कळ आली नाही. त्याने ती एकदाच हवेत झुलवली, शेंडा थरथरला आणि स्थिर झाला. किती गोड काठी होती ती!

“नाही, मिस्टर केंड्रिक,” तो म्हणाला आणि त्याने काठी परत दिली. “माझ्या हाताला बसत नाही.”

“खरंच? मला वाटलं तुम्ही लोक...”

“वाटाण्याला चालेल. हलकी आहे, वेलाला जड होणार नाही.”

खाली विलोच्या वळणावर त्याने गळाला डब्यातल्या मांसाचा तुकडा लावला, डाव्या हाताने कशीबशी दोरी फेकली आणि काठी टेकणावर ठेवली. दुपारी काठीने एकदम कंबर मोडून पाण्याकडे झेप घेतली. बार्बेल होता, मोठा होता. ईनॉकने दोन्ही हातांनी काठी धरली आणि उचलली, छातीपर्यंत. तिच्या वर हात गेला नाही. पलीकडे बसलेल्या कोणाला हाक मारली असती तर आला असता. त्याने मारली नाही. दोरी खडकाला घासली आणि तुटली. गळ तोंडात घेऊन मासा गेला, आणि माशाला असं गळासकट जाऊ देणाऱ्यांना ईनॉकने जन्मभर शिव्या घातल्या होत्या.

घरी ऑल्वेन चहा टाकत होती.

“लागलं काही?” तिने आतूनच विचारलं.

“होता एक. गेला.”

ईनॉकने जुनी काठी जिन्याखाली आडवी सारली आणि दाराशी आला. एका आकड्यावर ऑल्वेनने भाजीची पिशवी टांगली होती. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हात वर न उचलता दुसऱ्या आकड्याला अडकवली.