खांदा शाबूत

गळ्यापाशी नखाएवढा पितळी हूक होता, अजूनही घट्ट बसणारा, आणि अरुंधती मघापासून त्याच्याकडेच बघत होती, कारण नजर जरा डावीकडे सरकली की खांदा दिसायचा... आणि खांद्यावरची चीर. चार बोटं लांब. सकाळी कोट उचलला तेव्हा पापड मोडावा तसा आवाज झाला होता.

ठिपक्यांच्या रानमांजराचा कोट, १९६१ सालचा, हॅम्बर्गच्याच कारागिराने शिवलेला. असे कोट आता कोणी शिवत नाही, विकायलाही बंदी. म्हणून ते संग्रहालयाच्या या थंड, अंधाऱ्या कोठारात यायचे. हा फ्राऊ पेटरसनच्या आईचा. आता स्वतःच म्हातारी झालेल्या लेकीने तो तळघरात जिवापाड जपला होता. तीन वाजता ती कागदावर सही करून कोट कायमचा देऊन जाणार होती.

शुक्रवारी नको ती बुद्धी सुचली. कोटाला डांबरगोळ्यांचा वास येत होता आणि बाहेर आठवड्याने ऊन पडलं होतं — आई दिवाळीनंतर शालू, शाली सगळं गच्चीत पसरायची, ‘कपड्याला ऊन दाखवावं गं’ म्हणायची — आणि हिने शेजारच्या कामाच्या खोलीतला पडदा सारला, कोट खिडकीखालच्या खुर्चीवर पसरला. तेवढ्यात अन्वीच्या शाळेतून फोन आला, पोरीला ताप, ही धावली. शनिवार, रविवार कोट तिथेच, हायत्सुंगच्या गरम नळ्यांना चिकटून. अगं, हा कपडा नाही, कातडं आहे, हे मला ठाऊक होतं ना? परीक्षेत लिहिलं होतं मी! पण हाताला आईचंच ठाऊक होतं.

दुपारी तिने नवऱ्याला, सुधीरला फोन केला.

“अगं, मग लिही ना, आला तेव्हाच फाटका होता. कोण विचारतंय?”

“शुक्रवारी नोंदीत मीच लिहिलंय, खांदा शाबूत म्हणून.”

“पेन्सिलने ना? आल्झो, झालं तर मग! प्रोबेत्साइट संपून नोकरी पक्की व्हायला नऊ दिवस राहिलेत, अरू. आठ वर्षं घरी बसलीस.”

आठ वर्षं. त्याच्या नोकरीमागे येऊन, डबे भरत, खिडकीतून पाऊस बघत... पुन्हा तिथे? नाही, मरून जाईन. कोठारात शाई चालत नाही, सगळं पेन्सिलीने लिहायचं. तिने खोडरबर घेतलं. ‘शाबूत’ हा शब्द झटकन गेला.

फ्राऊ पेटरसन वेळेआधी दहा मिनिटं आली. काठी टेकवून तिने कोटावरून हात फिरवला, आणि हात खांद्यापाशी थांबला.

“आख... हे माझ्याच तळघरात झालं असणार, फ्राऊ बापट. मला दिसलंच नाही. आईने केवढा विश्वास ठेवला होता माझ्यावर.” म्हातारीने चिरेच्या कडा बोटांनी जुळवून पाहिल्या. “माफ करा हं.”

आणि अरुंधतीला हायसं वाटलं. आधी तेच वाटलं — आता नुसतं गप्प राहायचं, बस्स — आणि मग आपल्याला हायसं वाटलंय हे तिच्या लक्षात आलं. नोकरीची भीती सकाळपासून ओळखीची होती. ही नवी होती, स्वतःचीच. म्हातारी सहीसाठी पेन्सिल मागत होती, पेन्सिल अरुंधतीच्या हातात होती, आणि तिला ती पुढेही करवेना, खालीही ठेववेना.